वाळूवरचं व्हॉलीबॉल: आधी माणसं मोजा, नियम मग काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या ऑफिसमधला चौदा-पंधरा जणांचा गट, दर हिवाळ्यात दापोलीजवळ दोन दिवस मुक्काम, राहायच्या जागेसमोर वाळूत रोवलेलं जाळं, आणि दोन तासांच्या खेळात निम्मा वेळ हुज्जत. वाद तीन. ब्लॉकच्या, म्हणजे समोरचा मारा अडवायला जाळ्यावर उंचावलेल्या, हाताला लागून आत आलेला चेंडू पहिला टच धरायचा का? जाळ्याखालून पाय पलीकडे गेला तर फाउल का? आणि उडी मारून बोटांनी अलगद पलीकडे ठेवलेला चेंडू चालतो का? शिवाय तुम्ही जाता जाता लिहिलंय, की वाळूत उडीच बसत नाही आणि दहा मिनिटांत सगळे कमरेवर हात ठेवून उभे.

मी अलिबागच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी अशा गटांना खेळवते, अधूनमधून स्थानिक स्पर्धांत पंच म्हणून उभी राहते. त्यामुळे आधी निकाल देऊन टाकते.

ब्लॉकचा टच बीच व्हॉलीबॉलमध्ये मोजतात. हॉलमधल्या सहा जणांच्या खेळात ब्लॉकनंतर तुम्हाला तीन टच मिळतात, म्हणजे चेंडू पलीकडे जाईपर्यंत तीनदा हात लावायची मुभा. वाळूवर दोनच उरतात. मात्र ज्याने ब्लॉक केला तोच लगेच दुसरा टच घेऊ शकतो, त्याला डबल टच (एकाच खेळाडूने सलग दोनदा हात लावल्याचा फाउल) म्हणत नाहीत. पाय पलीकडे गेला तर फाउल नाही, कारण या खेळात मधली रेषाच नसते. पलीकडच्या खेळाडूच्या खेळण्यात तुमच्यामुळे अडथळा आला, तरच फाउल. आणि बोटं पसरून अलगद टाकलेला चेंडू हा सरळ फाउल. हॉलमध्ये चालतो, वाळूवर नाही. इथे तो मुठीच्या गाठींनी, तळहाताच्या टाचेने किंवा बोटं एकमेकांना चिकटवून ताठ ठेवून मारावा लागतो. म्हणजे तुमच्यातला जो ‘कॉलेजच्या टीममध्ये होतो, मला नियम माहीत आहेत’ म्हणतो, तो तिन्ही वेळा हॉलचाच नियम सांगत होता. तिथे तो बरोबर होता, किनाऱ्यावर चुकला.

एक चौथा वादही तुमच्याकडे होत असणार, तुम्ही लिहिला नाहीत इतकंच. चाळिशी-पन्नाशीतलं कोणीतरी म्हणत असेल, ‘सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट.’ ते म्हणणं हवेतलं नाही. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं तेव्हा गुण सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळत, आणि मैदानही हॉलएवढंच, १८ मीटर बाय ९ मीटर होतं. नंतर मैदान लहान झालं आणि प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू पडेपर्यंतच्या प्रत्येक खेळीला, गुण सुरू झाला. तर त्या काकांना सन्मानाने सांगा, की आता तसं नसतं.

एवढ्याने पुढच्या वर्षीची हुज्जत थांबेल असं मात्र मला वाटत नाही. खरी अडचण कुठल्या एका नियमात नाही. तुम्ही हॉलचे सहा-सात खेळाडू घेता, त्यांना दोघांसाठी आखलेल्या मैदानात उभं करता, आणि नियम ज्याला जो आठवेल तो लावता. बीचचे नियम दोन माणसांसाठी बनले आहेत, हे एकदा लक्षात घेतलं की त्यातलं विचित्र वाटणारं बरंचसं उलगडतं.

थोडं गणित करा. बीचचं मैदान १६ बाय ८ मीटर. प्रत्येक बाजूला ८ बाय ८ म्हणजे ६४ चौरस मीटर, आणि त्यात माणसं दोन. एकेकाच्या वाट्याला ३२ चौरस मीटर वाळू. हॉलमध्ये ९ बाय ९ च्या बाजूत सहा जण, म्हणजे माणशी साडेतेरा. वाळूवर त्याच्या दुपटीहून जास्त जागा, वर पाय रुतणार. अशा परिस्थितीत हल्ला करणाऱ्याला बोटांनी अलगद चेंडू कुठेही ठेवायची मुभा दिली, तर बचाव करणाऱ्यांनी घरीच जावं. म्हणून बोटांची नाजूक टाक बंद. हातांनी, बोटांनी केलेल्या पासने चेंडू पलीकडे पाठवायचा असेल तर तो खांद्यांच्या रेषेला काटकोनातच, म्हणजे सरळ पुढे किंवा सरळ मागे गेला पाहिजे, हा नियमही त्याच कारणाचा. इकडे तोंड करून तिकडे वळवता येत नाही. आणि बचाव करणाऱ्याला एक सवलत आहे: अंगावर जोरात आलेला स्मॅश अडवताना चेंडू हातात क्षणभर थांबला तरी पंच सोडून देतात.

मधली रेषा का नाही, तेही वाळूच सांगते. जाळ्याजवळ उतरलेला पाय घसरून पुढे जातोच, आणि रोज शंभरदा तुडवल्या जाणाऱ्या वाळूत ती रेषा टिकणार कशी?

आता हेच मैदान घ्या आणि प्रत्येक बाजूला सात जण उभे करा. माणशी नऊ चौरस मीटर. चेंडू ज्याच्याकडे जातो तो एक पाऊल टाकतो, बाकीचे सहा बघे. कोणी घामाघूम होत नाही, कोणाला दोनदा सलग चेंडू मिळत नाही, आणि रिकाम्या डोक्यांना नियम आठवतात. हुज्जतीचं मूळ मला तरी तिथे दिसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: पंधरा जण असाल तर पाच-पाचचे तीन संघ करा. मैदानात चौघे, पाचवा बाहेर. सर्व्हिस आपल्याकडे परत आली की बाहेरचा आत येऊन सर्व्हिस करतो, ज्याची सर्व्हिस आधी झाली होती तो बाहेर जातो. तिसरा संघ पंचगिरी करतो आणि चेंडू आणून देतो. डाव १५ गुणांचा, जिंकणारा थांबतो, हरलेला शिट्टी हातात घेतो. सलग दोन डाव जिंकलेल्यांनीही बाहेर व्हायचं, नाहीतर कॉलेजवाल्यांचा संघ संध्याकाळभर हलत नाही. चौदाच असाल तर एका संघात बाहेरचा नसेल, काही बिघडत नाही.

दोघांचा खरा खेळ खेळायचा मोह होईल. तो सकाळी, ज्यांना अंडरहँडने, म्हणजे जोडलेल्या हातांनी खालून, चेंडू हव्या त्या जागी देता येतो अशा चार जणांनी खेळावा. नवख्यांना दोघा-दोघांत घातलं तर सर्व्हिस, पडली, सर्व्हिस, पडली असं चालतं आणि वीस मिनिटांत मंडळी नारळपाण्याकडे वळतात.

चौघांच्या खेळात कुठले नियम ठेवायचे आणि कुठले सोडायचे, हे तुमच्या गटावर आहे. मी काय करते ते सांगते, तुम्ही त्यात बदल करा.

जाळ्याची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि स्त्रियांसाठी २.२४ मीटर असते. मिश्र गट असेल तर मी सरळ २.२४ ला बांधते आणि ब्लॉक पूर्ण बंद करते. कमी उंचीच्या जाळ्यावर सहा फुटी माणूस दोन्ही हात वर करून उभा राहिला की समोरच्या मुलीला मारायला जागाच उरत नाही; ब्लॉक गेला की तो प्रश्न जातो, आणि ‘बोटाला लागला, नाही लागला’ हा तुमचा पहिला वादही त्याच्याबरोबर जातो. उंच मुलांना मग मागे उभं राहून बचाव शिकावा लागतो, तो त्यांना येत नसतो. उंची मोजताना एक गोष्ट सांभाळा. जाळ्याच्या मधोमध मोजा, खांबाजवळ नाही. खांबाजवळ बरोबर असलेलं जाळं मध्ये हमखास झोळ खातं. मोजपट्टी नसेल तर साधारण साडेपाच फुटी माणसाला मध्यभागी सरळ उभं करा आणि हात वर करायला सांगा. जाळ्याची वरची कड त्याच्या बोटांपासून तीन-चार बोटं वर असली, की २.२४ च्या आसपास आलात. मोजण्याआधी जाळ्याखालची वाळू पायाने सारखी करून घ्या. तिथे नेहमी खड्डा पडलेला असतो आणि तुमची सगळी मापं त्या खड्ड्यातून जातात.

जाळ्याखालून पलीकडे जायला नियमाची परवानगी आहे, पण हौशी खेळात मी ती देत नाही. कारण एकच: घोटा. एक जण उडी मारून उतरतोय आणि त्याच्या पायाखाली दुसऱ्याचं पाऊल आलंय, असं झालं की वाळू कितीही मऊ असो, घोटा मुरगळतो. रोज खेळणाऱ्यांना एकमेकांचा अंदाज असतो. वर्षातून एकदा खेळणाऱ्यांना नसतो. तेव्हा पाय पलीकडे घसरला तर चालेल, मुद्दाम चेंडू आणायला जाळ्याखालून शिरलात तर गुण समोरच्यांना.

जाळ्याला स्पर्श हा फाउलच ठेवा. चेंडू खेळताना, त्यासाठी उडी मारताना, उतरताना, दोन अँटेनांच्या (बाजूच्या रेषांवर जाळ्याला उभ्या बांधलेल्या काठ्यांच्या) मधल्या जाळ्याला अंग लागलं तर रॅली गेली. अँटेना नसतील तर बाजूच्या रेषांच्या आतलं सगळं जाळं धरा. चेंडू जाळ्यावर आपटला आणि त्यामुळे जाळं हलून तुम्हाला लागलं, तर मात्र तुमचा दोष नाही.

बोटांनी सेट करण्यावरून, म्हणजे साथीदाराला मारता यावा म्हणून चेंडू उंच उचलून देण्यावरून, सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण बीचवर पंच यात फार कडक असतात. चेंडू दोन्ही हातांतून एकाच वेळी सुटायला हवा, हातात बसलेला दिसता कामा नये. ओलसर वाळूने जड झालेला चेंडू, वरून वारा, यात हॉलमधला चांगला सेटरही डबल देतो. म्हणून मी सांगते: दुसरा टच अंडरहँडनेच द्या. दिसायला ओबडधोबड, पण वाद शून्य. ज्याला बोटांचा सेट खरंच चांगला येतो त्याला करू द्या, आणि समोरच्या संघाने ‘डबल’ म्हटलं तर न बोलता गुण द्यायचा, ही अट घाला. या अटीवर किती जण बोटं वापरतात ते बघाच. सर्व्हिसचा पहिला चेंडू बोटांनी घ्यायच्या भानगडीत कोणीच पडू नये.

टाक मारायची असेल तर मुठीच्या गाठींनी. बोटं मधल्या पेरात दुमडायची, मनगट ताठ, आणि चेंडूला खालून हलकी ढुशी द्यायची. दहा मिनिटांत जमते, आणि स्मॅशपेक्षा जास्त गुण मिळवून देते. चौघांच्या बचावात जाळ्यामागचा तुकडा आणि मागचे दोन कोपरे बहुतेक वेळा रिकामेच असतात.

सर्व्हिस मागच्या रेषेच्या मागून, रुंदीत कुठूनही. जाळ्याला लागून पलीकडे पडली तरी खेळ चालू. दोघांच्या खेळात सर्व्हिसचा क्रम पाळावा लागतो, पण उभं कुठे राहायचं याला बंधन नाही. ‘पोझिशन चुकली’ असा फाउलच नाही. चौघांतही तसंच ठेवा, फिरण्याचं हॉलमधलं चक्र वाळूत नको. ज्यांची सर्व्हिस जाळ्यापर्यंत पोचत नाही त्यांना दोन-तीन पावलं आत येऊ द्या. एकाच जणाने सलग तीन गुण काढले की सर्व्हिस त्याच संघातल्या पुढच्याकडे द्या. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. पण एखादा पोरगा सात सर्व्हिस सलग मारतो तेव्हा बाकीचे तेरा जण शंख-शिंपले गोळा करायला लागतात, हे मी बघितलंय.

गुणांचं खरं गणित असं: पहिले दोन सेट २१ चे, तिसरा लागला तर १५ चा, आणि प्रत्येक वेळी दोन गुणांचा फरक हवा. बाजू बदलायची ती दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज सातच्या पटीत आली की, तिसऱ्या सेटमध्ये पाचच्या पटीत. तुम्ही १५ चा डाव खेळणार, म्हणून पाचाने बदला. हौशी लोक बाजू बदलायचा कंटाळा करतात. करू नका, कारण किनाऱ्यावर दोन बाजू कधीच सारख्या नसतात.

आता मैदान. दहा मिनिटांत दम लागतो त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

स्पर्धेच्या मैदानाला निदान ४० सेंटिमीटर खोल, सैल वाळू लागते. तुमच्या मुक्कामासमोरचं जाळं बहुधा सुरूच्या झाडांजवळ, भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या भुसभुशीत वाळूत असेल. ती वाळू सगळ्यात मऊ आणि सगळ्यात थकवणारी. प्रत्येक पाऊल रुततं, उडीचा जोर वाळू खाली सरकण्यातच जातो. शिवाय दुपारी ती तापते. याउलट पाण्याजवळची ओली वाळू फरशीसारखी घट्ट. उडी बसते, पण सूर मारलात तर बरगडी आठवते. सरावाच्या खेळाडूंनी कोरड्या वाळूतच खेळावं. तुमच्यासारख्या गटाला मी दोन्हींच्या मधला पट्टा देते, जिथे पाय घोट्यापर्यंत न जाता टाच रुतते एवढंच.

पण तो पट्टा कधी उघडा असेल, हे भरती-ओहोटीवर. यासाठी कोकणातला जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईचा, दापोलीला थोडं मागेपुढे होतं, पण खेळापुरता पुरतो. अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमारास येते, म्हणजे नेमकी संध्याकाळी खेळायच्या वेळी घट्ट वाळू पाण्याखाली. त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या या दिवसांत भरती सकाळी पावणेदहा ते सव्वाअकरा, आणि ओहोटी दुपारी चार ते साडेपाच. शिवाय उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी लांब मागे हटतं आणि किनारा हवा तेवढा रुंद मिळतो. सहलीची तारीख ठरवताना कालनिर्णयावर एक नजर टाकलीत तर निम्मं काम झालं. उधाणाला पाणी वरही तितकंच चढतं, तेव्हा खाली रोवलेले खांब खेळ संपल्यावर काढून घ्या.

मैदानाची लांबी किनाऱ्याला समांतर ठेवा, जाळं समुद्राच्या दिशेने जाईल असं. बऱ्याच ठिकाणी उलटं बांधलेलं असतं, फोटोत समुद्र चांगला दिसावा म्हणून. तसं केलं की एक संघ चढावर आणि दुसरा उतारावर येतो, आणि त्यातल्या एकाच्या डोळ्यांत मावळता सूर्य. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे; मैदान उत्तर-दक्षिण घातलं की ऊन बाजूने येतं आणि उतारही दोघांना सारखाच मिळतो. दुपारनंतरचा वारा समुद्रावरून येतो, तोही मग बहुतेक बाजूचाच. थोडा तिरका असेल तर एक बाजू वाऱ्यासमोर येते. नवखे ती बाजू नको म्हणतात. खरं तर तीच घ्यावी. वाऱ्याविरुद्ध मारलेला चेंडू आत पडतो. वाऱ्याबरोबर मारलेला मागच्या रेषेपलीकडे पळतो.

रेषांसाठी नायलॉनची दोरी वापरू नका, पायाच्या बोटांत अडकते आणि कापते. खाटेची जुनी नवार उत्तम. रुंदीही साधारण हवी तेवढी असते. कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या नकोत. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत वाळू भरायची, नवारीचं टोक तिला बांधायचं आणि ती हातभर खोल आडवी पुरायची. कोणाचा पाय अडकला तर नवार निघून येते, पाय शाबूत राहतो. त्याआधी सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून मैदानभर एक फेरी मारा आणि पायाने वाळू चाळा. शिंपल्यांचे तुकडे, माशांच्या जाळ्याची गाठ, बाटलीच्या काचा, काही ना काही निघतंच.

खेळण्याबद्दल थोडं. वाळूत उडी बसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा लांब ढांगा. हॉलमध्ये शेवटून दुसरं पाऊल लांब, टाच आधी टेकवून टाकतात आणि मग वर जातात. वाळूत ती टाच रुतून बसते. इथे पावलं छोटी, शेवटची दोन तर अगदी जवळजवळ, आणि पूर्ण तळव्यावरून सरळ वर. चेंडूच्या मागे पळताना मारू नका. आधी पोचा, थांबा, मग हात लावा. हे एवढं एक जमलं तरी रॅली तीन-चार वेळा पलीकडे जायला लागते.

पास जाळ्याजवळ द्यायचा हॉलमधला हट्ट सोडा. वारा तो पलीकडे नेतो. जाळ्यापासून दीड-दोन मीटर अलीकडे, स्वतःच्या समोर, उंच द्या, म्हणजे सेट देणाऱ्याला वाळूतून तिथे यायला वेळ मिळतो. अंडरहँडला हात झुलवू नका. कोपर सरळ, मनगटं जोडलेली, आणि उचल गुडघ्यांतून. गावाकडे शूटिंग व्हॉलीबॉल खेळलेलं कोणी तुमच्यात असेल तर त्याचा हात पहिल्याच चेंडूला पलीकडे ठोसायला शिवशिवतो. त्याला मागच्या कोपऱ्यात ठेवा, सर्व्हिस घेण्यात तो सगळ्यांपेक्षा धीट निघतो.

आणि बोला. ‘माझा’ असं आधी ओरडायचं, मग हलायचं. चेंडू बाहेर जाताना दिसला तर दुसऱ्याने ‘सोड’ म्हणायचं. जो मारणार आहे त्याची नजर चेंडूवर असते, समोरची रिकामी जागा त्याला दिसत नाही. ती त्याचा जोडीदार बघतो आणि ‘लाइन’ किंवा ‘तिरका’ असं सांगतो. टीव्हीवर खेळाडू पाठीमागे बोटं दाखवताना दिसतात तो याचाच भाग. एक बोट म्हणजे मी ब्लॉकने रेषेकडची बाजू झाकतोय, दोन म्हणजे तिरकी बाजू, मूठ म्हणजे ब्लॉकला जातच नाही. तुम्हाला त्याची गरज नाही, ब्लॉक बंद आहे. बघायची असेल तर पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमधली स्वीडनची ऑमान-हेलविग ही सुवर्णपदकाची जोडी बघा. दुसऱ्या टचला उडी मारतात, मारणार की सेट देणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. तीच गंमत चौघांच्या खेळातही येते: दुसऱ्याच टचला चेंडू पलीकडे द्यायला कुठलाही नियम आडवा येत नाही, आणि समोरचे तिसऱ्याची वाट बघत उभे असतात.

पंच कोण, हेही तुम्ही विचारलंय. तिसऱ्या संघातला एक जण जाळ्याजवळ उभा राहील, दोघे मागच्या कोपऱ्यांत रेषा बघतील. जाळ्याचा स्पर्श ज्याचा त्याने सांगायचा. रेषेवरचा चेंडू आत; वाळूत त्याचा ठसा उमटतो, जाऊन बघा, पण ठसा दाखवायला जाणाऱ्याने तो पुसू नये. दोन संघांचं एकमत झालं नाही तर रॅली परत.

चेंडूचं शेवटी. हॉलचा चेंडू टम्म फुगवून नेऊ नका, हात लाल होतात आणि वाऱ्यात तो ऐकत नाही. वजनाने आणि घेराने बीचचा चेंडू जवळपास तसाच असतो, हवा मात्र बरीच कमी: हॉलसाठी दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो दाब, बीचसाठी ०.१७५ ते ०.२२५. मोजायचं यंत्र नसेल तर अंगठ्याने दाबल्यावर चेंडू सहज थोडा आत जाईल इतपत हवा सोडा. चामड्यासारखा, पाणी पिणारा चेंडू वाळूत तासाभरात जड होतो. शिवलेला आणि पाणी न शोषणारा घ्या, आणि एक जास्तीचा ठेवा. हवा भरायची सुई मात्र पंपाबरोबर न ठेवता पाकिटात ठेवा, दापोलीच्या बाजारात ती संध्याकाळी मिळेलच असं नाही.